बारा हात माणदेशातले

साताऱ्यात आमचं घर आणि आटपाडीला आजोळ. मे महिन्याची सुट्टी लागली की आई ट्रंक भरायची आणि आम्ही भावंडं एसटीत खिडकीसाठी भांडायचो. आजोळच्या सोप्यात देवांच्या तसबिरींची रांग होती. तिच्या शेवटी, काचेमागं, वर्तमानपत्राचं एक पिवळं पडलेलं कात्रण होतं. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळाल्याची ती बातमी. कडा कसरीनं खाल्लेल्या, घडीवरची शाई उडालेली, पण मथळा स्वच्छ वाचता यायचा. दिवाळीच्या साफसफाईत आजी देवांच्या काचांबरोबर त्या काचेवरूनही ओलं फडकं फिरवायची.

सिनेमा १९५७ सालचा, मुंबईत निघालेला आणि हिंदी. पण गोष्ट आमच्या रानातली. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९च्या सुमारास, पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारानं, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. शिक्षा झालेल्या माणसांनी तिथं मोकळ्या माळावर राहायचं, शेती करायची, बायकापोरांसह संसार करायचा. आजोबा सांगायचे, “तिथं कुपान न्हवतं रं पोरांनो. मानूस शब्दावर ऱ्हायचा.” या प्रयोगावरून गदिमांनी सिनेमा लिहिला. गदिमा म्हणजे आटपाडीच्या शेजारचे, माडगूळ्याचे, औंधच्या शाळेत शिकलेले.

वडील आणि आजोबा यांच्यात यावरून दर सुट्टीत एक वाद रंगायचा. वडील म्हणायचे, “राजा औंधचा, म्हणजे मान साताऱ्याचा.” आजोबा म्हणायचे, “जमीन आटपाडीची, कवी माडगूळ्याचा, म्हंजे मान सांगलीचा.” मोठेपणी कळलं की दोघंही बरोबर होते. सिनेमा आला तेव्हा आटपाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात होती. त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं ते १९६०मध्ये.

आम्ही तो पाहिला जत्रेतल्या तंबूत, पोत्यांवर बसून. एका बाजूला बायका, दुसरीकडे पुरुष. पडद्यावरचे सहा कैदी पिकवलेली भाजी बाजारात रास्त भावानं विकू लागले आणि व्यापारी चिडले, तेव्हा बायकांच्या बाजूनं खऱ्या बाजारात असावा तसा गलका उठला. शेवटी जेलर आदिनाथ बैलाच्या झुंजीत कोसळतो. तंबूत एकदम शांतता पसरली. आजोबांनी पटक्याचा शेव डोळ्यांना लावला. ते दृश्य चित्रित करताना शांतारामांच्या डोळ्यांना खरीच इजा झाली होती आणि काही काळ त्यांना दिसत नव्हतं. हे घरी कुणीतरी सांगितलं, तेव्हा आजीनं त्यांच्यासाठी देवाला हात जोडले.

मग पुढच्या बक्षिसांच्या गोष्टी. १९५८मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला रुपेरी अस्वल मिळालं. “बक्षीस म्हणून अस्वल कशाला देतात?” हा आमचा प्रश्न. अस्वल हे बर्लिन शहराचं चिन्ह आहे, हे मामांनी समजावलं. १९५९मध्ये अमेरिकेत गोल्डन ग्लोबच्या सोहळ्यात सॅम्युअल गोल्डविन यांच्या नावाचा परदेशी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. ही नावं आजीला कधी नीट उच्चारता आली नाहीत. पण “आपल्या पंतांच्या रानातली गोष्ट साता समुद्रापार गेली,” हे ती आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायची.

आणि त्यातली प्रार्थना! वसंत देसाईंचं संगीत, भरत व्यासांचे शब्द, लता मंगेशकरांचा आवाज. आमच्या शाळेत ती रोज सकाळी ओळीत उभं राहून म्हटली जाई. सांगलीची मावशी रेडिओवर ती लागली की हातातलं काम थांबवायची आणि अभिमानानं म्हणायची, “लता आमच्या सांगलीत वाढलेली पोर.” त्या एका सिनेमात आमच्या घरातल्या प्रत्येकाला आपलं असं काहीतरी सापडलं होतं.

भवानराव १९५१ साली गेले. सुवर्णपदक, अस्वल, गोल्डन ग्लोब, यांतलं काहीच त्यांनी पाहिलं नाही. ज्या माणसांवर घरचेसुद्धा विश्वास ठेवायला धजत नव्हते, त्यांच्या हाती या राजानं कुदळ आणि मोकळी जमीन दिली. जगानं पडद्यावरच्या जेलरचा गौरव केला, त्या गौरवाचा पहिला मानकरी मी भवानरावांनाच मानतो. आमच्या आजोबांनी ते कात्रण देवांच्या रांगेत लावलं होतं, ते याचसाठी.

आजोळचा तो सोपा आता राहिला नाही. स्वतंत्रपूरची खुली वसाहत मात्र आजही आहे. आटपाडीला जाल तेव्हा तिथल्या माळावर मुलांना घेऊन जा, आणि बारा हातांची ही गोष्ट त्यांना तिथंच उभं राहून सांगा.