किल्ली कुणाच्या खिशात?

आमची सौ. धारवाडकडची, त्यामुळे घरात 'कीली'चा घोळ रोजचाच. मराठीत किल्ली कुलूप उघडते. तिच्या कन्नडात कीली म्हणजे कुलूपच, उघडायला 'कीलीकै' लागते!

मध्यंतरी चर्चासत्रासाठी ग्वाल्हेरला गेलो होतो. विद्यापीठाची एक इमारत: खाली रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, वर ग्रंथालय, त्याच्या वर आमचे सभागृह. विभाग अनेक, म्हणून जिन्याला धनी कुणीच नाही. मागच्या जिन्यात मोडकी बाके, खाली जाळीच्या दाराला भलेमोठे कुलूप. विचारले तर शिपाई म्हणाला, "चाबी बड़े बाबू के पास है." बाबू पाचलाच घरी गेलेले. कुलूप कशाला? तर पंखे चोरीला जातात म्हणून.

चोरीची भीती काही खोटी नव्हे. पण २३ फेब्रुवारी २०१० ला बंगळूरच्या कार्लटन टॉवर्समध्ये ९ जण गेले. तीही अनेक कार्यालयांची सामायिक इमारत. धुराने कोंडलेल्या काहींनी खिडकीतून उड्या टाकल्या. २४ मे २०१९ ला सुरतेच्या तक्षशिला संकुलात शिकवणीची २२ मुले गेली. ज्वाळांआधी धूर येतो आणि उघडा जिना त्याचे धुराडे बनतो.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सुटकेचे दार आतून किल्लीविना उघडले पाहिजे. आडव्या दांड्याची तशी दारे मिळतात: आतून ढकलले की उघडते, बाहेरच्या चोराला बंदच. आमच्या प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे. तो सध्या बांधकाम समितीकडे फिरतो आहे. तोवर मागच्या दाराची किल्ली दाराशेजारीच, काचेच्या पेटीत टांगून घेतली.