हेस्टिंग्जचा जमाखर्च

इंग्लंडमध्ये मुलाकडे असताना ऑक्टोबरमधील एक शनिवार-रविवार आम्ही ससेक्समधील ‘बॅटल’ या गावी घालविला. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी येथे राजा हॅरॉल्ड पडला व नॉर्मंडीचा विल्यम विजयी झाला. हौशी मंडळी चिलखते चढवून तीच लढाई पुन्हा उभी करतात. सायंकाळी ‘मेलेले’ अंग झटकून उठले व जेवावयास निघाले. नातू हसला, मी मात्र स्तब्ध झालो.

विल्यमने १०८६ मध्ये ‘डोम्सडे बुक’साठी जमिनी, गिरण्या, नांगर मोजविले, पडलेल्या सैनिकांचे खाते त्यात नाही. त्या रक्तपाताच्या प्रायश्चित्तार्थ त्याने रणभूमीवर मठ बांधविला. नातवाला एवढेच सांगितले, ‘‘बाळ, उधारी व्याजासह फेडता येते; घेतलेला जीव फेडता येत नाही.’’