नैराश्य : वारसा, स्वभाव आणि मेंदू

शेलू, ता. कर्जत, जि. रायगड

चि. सुमेधास,

नैराश्याचा आजार पालकांकडून मुलांकडे जसाच्या तसा येत नाही. येतो तो त्याकडे असलेला कल. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून या आजारात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 37 टक्के धरला जातो. समाजात माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकाचा हा हिशेब आहे; एखाद्या व्यक्तीचा धोका त्यावरून काढता येत नाही. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला नैराश्य असेल, तर धोका दोन ते तीन पट वाढतो. तरीही अशा घरांतल्या अनेकांना ते कधीच होत नाही.

नैराश्याचे असे एकच जनुक नाही. 2003 साली सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा बराच गाजावाजा झाला; 2019च्या मोठ्या पडताळणीत तो दावा टिकला नाही. त्याच वर्षी आठ लाखांहून अधिक लोकांच्या माहितीतून 102 जनुकीय फरक हाती लागले. प्रत्येकाचा परिणाम अगदी किरकोळ आहे. म्हणून रक्त तपासून भाकीत करता येत नाही.

यांतले बरेच फरक स्वभावातही उतरतात. लवकर धास्तावणारा, मनाला लावून घेणारा स्वभाव आणि नैराश्य यांची जनुकीय मुळे बऱ्याच अंशी सामाईक आहेत. अशा माणसाला वियोग, कर्ज, नोकरी जाणे किंवा बाळंतपणानंतरचा ताण अधिक जड जातो.

मेंदूतला फरकही बारीक असतो. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग नैराश्याच्या रुग्णांत सरासरी एका टक्क्याच्या आसपास लहान आढळतो, तोही मुख्यतः आजार पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांत. त्यामुळे हे आजाराचे कारण की दीर्घ ताणाचा परिणाम, याचा निवाडा झालेला नाही. एमआरआय काढून नैराश्याचे निदान होत नाही.

स्किझोफ्रेनिया या दुसऱ्या मानसिक आजारात आनुवंशिक वाटा नैराश्याहून मोठा, सुमारे 80 टक्के आहे. तरी कर्जतच्या ‘श्रद्धा’ पुनर्वसन केंद्रातून रस्त्यावर भटकणारे असे रुग्ण उपचारांनी सुधारून घरी परततात. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना 2018चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तेव्हा घराण्यात कुणाला नैराश्य होते, एवढ्यावरून स्थळ नाकारणे शास्त्राला धरून नाही. उदासी, निद्रानाश, कशातच रस न वाटणे दोन आठवडे टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. ‘टेलिमानस’ची 14416 ही सरकारी फोनसेवा मोफत आहे.

कळावे,
मामा