कळलावी

पन्हाळ्याच्या उतारावर पावसाळ्यात कळलावी फुलते. पाकळ्या खाली पिवळ्या, वर लाल, जाळच जणू. पानांची टोकं तारेसारखी वळून कुंपण धरतात. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. कंद पोटात गेला तर उलट्या, हगवण, मरण. तेच कोल्चिसिन डॉक्टरानं मोजून दिलं की वातरक्तानं ठणकणाऱ्या सांध्याचं औषध.

आमची आज्जी सुईण. अडलेल्या बाईच्या बेंबीखाली ती कंदाचा लेप लावायची. म्हणायची, "पोर सुटलं की लगीच धुवायचा. न्हाईतर बाईचा जीव बी वडून काढंल." कळ लावते म्हणून कळलावी.

१९१९ साली शाहू महाराजांनी सरकारी दवाखान्यांत अस्पृश्यांना बरोबरीनं वागवायचा हुकूम काढला. त्यानंतर कित्येक वर्षांनीही आज्जी वाड्यात मागच्या दारानंच जायची. पोर हातात येईस्तोवर ती माय. नाळ कापली की विटाळ. तिच्या पावलांमागं शेणपाणी पडायचं.

कंदाचं इख मात्रेवर ठरतं. आज्जीचं कशावर ठरवलं होतं?

भांडण लावणाऱ्याला लोक कळलाव्या म्हणतात. हे विचारतो म्हणून मलाही म्हणतात. म्हणू देत. अडलेलं सुटायचं तर कळ यावीच लागते.