कळपाचा हिशेब

मुलांनो, थंडीच्या दिवसांत कधी सोलापूरहून तुळजापूरला एसटीनं निघालात, तर खिडकीची जागा धरा आणि डुलक्या काढू नका बरं का! तामलवाडी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी शिवारं लागतात. मधूनमधून खडकाळ माळ, त्यावर गुडघ्याएवढं पिवळं गवत. नशीब चांगलं असेल तर त्या माळावर किंवा हिरव्यागार हरभऱ्यात काही ठिपके हलताना दिसतील. लांबून वाटेल, कुणाची तरी शेरडंच चरताहेत. पण नीट पाहा. त्यातला एखादा ठिपका वरून काळाभोर आणि पोटाकडे पांढराशुभ्र असेल, डोक्यावर पिळदार शिंगं असतील. तो आपला काळवीट! त्याच्या आजूबाजूच्या बिनशिंगांच्या, तांबूस रंगाच्या त्या माद्या. आणि त्याहून लहान चणीचं, शेपटी सारखी हलवणारं हरीण दिसलं, तर ते चिंकारा असणार.

आपण सगळ्यांनाच 'हरीण' म्हणतो, पण शास्त्रज्ञ त्यांचे दोन गट करतात. चितळ-सांबरांची शिंगं फांद्यांसारखी फुटतात, दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा येतात. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगं जन्मभर टिकतात, त्यांना फांद्या फुटत नाहीत. पहिल्या गटाला सारंग म्हणतात आणि दुसऱ्याला कुरंग. नुकसानभरपाईच्या सरकारी कागदावरसुद्धा 'हरीण (सारंग व कुरंग)' असंच लिहिलेलं असतं. या कागदाकडे आपण पुढे येणारच आहोत.

आता एक प्रश्न. समजा, त्या हरभऱ्यात तुम्ही तीस काळविटं मोजलीत. तीस म्हणजे जास्त की कमी?

तुम्ही म्हणाल, "कमीच की! अजून हवीत!" पण शेताच्या कडेला मचाणावर गोफण घेऊन बसलेल्या काकांना विचारा. ते म्हणतील, "बाळांनो, रात्रभर जागतोय. पहाटे जरा डोळा लागला की शेंडे खुडून नेतात. तीस म्हणजे लई झाली!" दोघांचंही खरं आहे. तुम्ही कळप पाहायला आलात, काकांना तो पोसावा लागतोय. मग कळप किती मोठा असावा, हे ठरवायचं कुणी?

हाच प्रश्न सातासमुद्रापलीकडेही पडतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन नावाचं राज्य आहे. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं पुष्कळ आहेत. ती मक्यात शिरतात, रस्त्यावर मोटारींना धडकतात. शेतीच्या भागात त्यांना आवरणारे लांडग्यांसारखे प्राणी फारसे उरलेले नाहीत. तिथे ठरावीक दिवसांत, परवाना घेऊन हरणांची शिकार करता येते. पण कुणीही उठावं नि हवी तेवढी मारावीत, असं नाही. एका हंगामात किती मारायची याचा आकडा ठरतो. तो ठरवताना सरकारी अधिकारी एकटे बसत नाहीत. तिथे १९३४ सालापासून 'कॉन्झर्व्हेशन काँग्रेस' नावाची नागरिकांची सभा आहे. शिकारी, मासे पकडणारे, शेतकरी असे कुणीही तिथे येऊन मत मांडू शकतात. २०१४ पासून तर जिल्ह्याजिल्ह्यात हरणांसाठी सल्लागार समित्या आहेत. त्यांत शिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, तसाच शेतकऱ्यांचा, जंगलाचा आणि वाहतुकीचाही. कळप वाढवायचा, आहे तेवढाच ठेवायचा की कमी करायचा, हे ते सुचवतात. शेवटचा निर्णय सरकारचा.

शिकाऱ्याला कशाला विचारायचं, असं वाटलं ना? कारण तो हिंडलेला असतो. कुठे पाडसं दिसली, कुठे नाही, माद्या धष्टपुष्ट आहेत की रोडावल्यात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मारलेल्या प्रत्येक हरणाची नोंदही त्याला करावीच लागते. या नोंदी गोळा झाल्या की कळपाची तब्येत कळते.

आणि त्या समित्यांचं सगळ्यांत जास्त लक्ष असतं ते माद्यांच्या आकड्यावर. का? जरा गणित करू. एका कळपात दहा नर आणि वीस माद्या आहेत. पाच नर गेले, तरी वीस माद्यांना पाडसं होणारच. पण पाच माद्या गेल्या, तर पुढच्या वर्षीची पाच पाडसंही गेली, आणि त्या पाडसांची पाडसंही गेली. म्हणजे कळप वाढणार की घटणार, ही किल्ली मादीपाशी आहे.

ही किल्ली आपल्या माळावरच्या माणसांना विस्कॉन्सिनच्या समित्यांच्या कितीतरी आधी सापडली होती, हे ठाऊक आहे का तुम्हाला? चला, परत तुळजापूर तालुक्यात येऊ.

तुळजापूर तालुक्यात यमगरवाडी नावाचं गाव आहे. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या धडपडीतून १९९० नंतरच्या दशकात इथे भटक्या आणि विमुक्त समाजांतल्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. प्रभुण्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या शाळेत पारधी समाजातली मुलंही शिकत आली आहेत. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा म्हणजे माळरानावरचे पट्टीचे शिकारी. फास लावून शिकार करणारे ते फासेपारधी. शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशानं कळपाजवळ सरकत जायचं आणि फासांची रांग लावायची, अशीही त्यांची एक रीत होती. चित्ते पकडून त्यांना हरणांच्या शिकारीसाठी तयार करणारे ते चित्तेपारधी.

पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला. त्यांनी फासेपारध्यांचा एक जुना रिवाज नोंदवून ठेवला आहे. फासात काळविटाचं पाडस अडकलं किंवा पोटुशी मादी अडकली, तर फास सोडवून तिला जाऊ द्यायचं! घरी चूल पेटायची वाट पाहणारी पोरं असली, तरी सोडायचं. कुणा अधिकाऱ्याची भीती नाही, दंड नाही, कागद नाही. आज सोडली तर उद्या माळावर कळप राहील, एवढा साधा हिशेब. शाळेची पायरी न चढलेल्या माणसांनी केलेला तो नियम होता, आणि गणित तेच, जे आपण आत्ता केलं.

मग काळविटं कमी का झाली? कारण माळावर दुसरेच शिकारी आले. त्यांच्याकडे बंदुका आणि जीपगाड्या होत्या, आणि रात्री डोळे दिपवणारे दिवे. पुन्हा त्या माळावर येण्याची त्यांना गरज नव्हती. त्यामुळे पुढच्या वर्षी कळप राहील का, हा प्रश्नच त्यांना पडत नव्हता. त्यातच माळ नांगरले गेले. चित्ता तर आपल्या देशातून पार नाहीसा झाला. १९५२ मध्ये तसं जाहीर करावं लागलं, आणि २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडावे लागले.

पारध्यांच्या वाट्याला तर याहून वाईट आलं. इंग्रजांनी १८७१ मध्ये एक कायदा केला आणि पुढे अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. पारधीही त्यांत होते. पाळण्यातलं बाळसुद्धा गुन्हेगार! हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. म्हणून या जमातींना 'विमुक्त' म्हणतात. पण कायदा गेला तरी लोकांच्या मनातला शिक्का लवकर पुसला जात नाही. तुमच्या वर्गात एखादं पारधी मूल असेल, तर त्याला त्या शिक्क्याचा चटका बसू देऊ नका. माळावरची पाऊलखूण वाचणाऱ्यांच्या घरातलं मूल आहे ते.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. सुरुवातीला त्यात काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत असत. १९९१ मध्ये तेही बंद झाले. काळवीट आणि चिंकारा तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यांत कडक पहाऱ्यात. शेतात शिरला म्हणून काळविटाला कुणालाही मारता येत नाही. कायद्यानं फास बंद केला आणि काळवीट वाचला, हे चांगलंच झालं. पण फास खाली ठेवला तर पारध्यानं पोट कशावर भरायचं, याची सोय त्या कायद्यात नव्हती. आणि मचाणावरच्या काकांनी हरभरा कसा राखायचा, याचीही नव्हती.

काकांसाठी पुढे काही सोयी झाल्या. हरणांनी पीक खाल्लं तर नुकसानभरपाई मागता येते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे तक्रार द्यायची. मग पंचनामा होतो. तो सारंग-कुरंगाचा कागद याच कामाचा. रानडुक्कर आणि रोही यांनी फारच नासधूस केली, तर त्यांच्यासाठी परवाना देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये घेतला. काळविटासाठी असा परवाना नाही. तरीही शेतकऱ्याच्या दृष्टीनं भरपाई म्हणजे नुकसान झाल्यावरचं औषध. कळप किती, कुठून येतो, माळावर त्याला गवत का पुरत नाही, हे त्याला विचारायला सहसा कुणी येत नाही.

आता एसटीतून आणखी पुढे जाऊ. तुळजापूरचा घाट चढून, धाराशिव ओलांडून येडशीला उतरा. (मोठी माणसं अजून सवयीनं उस्मानाबाद म्हणतात. २०२३ मध्ये नाव धाराशिव झालं.) इथे बालाघाटच्या डोंगरात रामलिंगाचं देऊळ आहे. जटायूची गोष्ट इथले लोक याच दरीत घडली असं सांगतात. पावसाळ्यात देवळाजवळ धबधबा कोसळतो. भोवतालचं सुमारे २२ चौरस किलोमीटर रान म्हणजे येडशी-रामलिंग घाट अभयारण्य. आणि काय सांगू, डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ आला! यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरच्या अभयारण्यातून शेकडो किलोमीटर चालत तो इथवर पोचला होता.

वाघ ही मोठी बातमी झाली. पण काळविटांचा हिशेब रोज ठेवणारा प्राणी वेगळाच आहे. तो म्हणजे माळावरचा लांडगा. म्हातारी, आजारी, मागे पडलेली हरणं तो टिपतो. लांडगे संपले तर कळप वाढतील आणि काकांचा हरभरा आणखी जाईल. पण लांडगा धनगरमामांची शेळीही नेतो, म्हणून मामा त्याच्यावर चिडतात. एक प्रश्न सोडवायला गेलं की दुसरा उभा राहतो, तो असा!

म्हणूनच मला वाटतं, कळपाबद्दल काहीही ठरवायचं तर रोज कळप पाहणाऱ्यांना आधी विचारायला हवं. आपल्याकडे बंदूक नको, ती गेली ते बरं झालं. पण शिकाऱ्याची नजर वाया का घालवायची? मध्य प्रदेशात पन्ना इथे पारधी तरुण पाहुण्यांना रान दाखवतात, पाऊलखुणा ओळखायला शिकवतात. वाशीमच्या बाजूला 'संवेदना' संस्थेनं फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ माळ आणि तणमोर नावाचा दुर्मीळ पक्षी जपण्याचं काम केलं आहे. जे पकडण्यात तरबेज होते, तेच राखण्यातही तरबेज निघाले.

आणि तुमचं काम? तेही आहे. जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जैवविविधता समिती आणि एक लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावच्या रानात कोणती झाडं, कोणते प्राणी, ते कुठे नि केव्हा दिसतात, हे गावकऱ्यांनीच सांगायचं आणि त्यात लिहायचं. तुमच्या गावची ती वही कुठल्या कपाटात आहे, एकदा विचारून पाहा. मग गुरुजींना किंवा बाईंना बरोबर घ्या आणि चार माणसांना भेटा. मचाणावरच्या काकांना, धनगरमामांना, पारधी वस्तीवरच्या एखाद्या आजीला आणि वनरक्षकांना. चौघांना एकच विचारा: "कळप किती आहे? त्यात पाडसं किती? दहा वर्षांपूर्वी किती होता?" चार उत्तरं वेगळी येतील. चारही लिहा, तारीख टाका. पुढच्या वर्षी पुन्हा विचारा.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं पाणवठ्यांवर प्राणी मोजतं. ती एका रात्रीची मोजणी. तुमची वर्षभराची होईल. ग्रामसभेत कुणी म्हणालं, "हरणं फार झालीत," आणि दुसरं कुणी म्हणालं, "छे, दिसतच नाहीत," तर तुम्ही वही उघडून आकडा वाचून दाखवू शकाल. तेव्हा मोठी माणसंसुद्धा गप्प होऊन ऐकतील. आकड्यापुढे आवाज चढवता येत नाही ना!