पॉलिस्टरचं गटिंग

माझी इंदापूरची रूममेट रॅकेटला नवीन गटिंग करून घेऊन आली. पॉलिस्टर, 50 पाउंड! आधीचं नायलॉन 55 वर होतं. पॉलिस्टर मुळातच ताठ, म्हणून ताण कमी ठेवायचा. एस.टी.तून बारामतीला उतरल्या उतरल्या आम्ही थेट कोर्टवर.

पहिल्याच फोरहँडला वाटलं, अगं, पॉवर गेली कुठे? नायलॉन बॉल ढकलून देतं, हे नुसतं ढिम्म. मग जीव खाऊन हात फिरवला, तर बॉल बेसलाइनच्या आत! गुळगुळीत तार बॉलबरोबर सरकते आणि झटकन जागेवर येते, त्यातून टॉपस्पिन मिळतो. ब्राझीलच्या कुएर्तेनने 1997 ची फ्रेंच ओपन पॉलिस्टरवरच जिंकली होती.

आता 'फील'. याला मराठीत काय म्हणतात? मी पडले कॉन्व्हेंटवाली! रूममेट म्हणाली, "बॉल हाताला कळतोय का, ते सांग." नाही कळत. ड्रॉप शॉट तर फळीने मारल्यासारखा. तासाभराने कोपर मात्र छान कळलं...

तीन आठवड्यांत ताण उतरला. तार शाबूत, पण बॉल बाहेर जायला लागले. म्हणजे न तुटताच कापून टाकायचं! मेसचं बिल भरून हे परवडणार कसं? तिला इंटरकॉलेजला हेच हवंय. मी नायलॉनवरच खेळणार. कोपर माझं आहे.