डाळीच्या पिठाचा दोष

तर झालं असं, की गेल्या रविवारी बोरिवलीच्या पार्लरमधल्या ताईंनी थ्रेडिंगचा दोरा दातात धरूनच विचारलं, "अप्परलिप झालं, चिनपण करायचं ना?" दहा वर्षं करतेय, तरी या प्रश्नाला मी आरशात बघून उत्तर देत नाही.

आईचं ठाम मत असं, की मी तान्ही असताना मालिशवाल्या बाईंनी डाळीचं पीठ नीट चोळलं नाही आणि हिने त्यांना टोकलं नाही. मावशीचं मत, कॉलेजात चोरून ब्लेड फिरवलंस म्हणून राठ आले. दोन्ही थिअऱ्या बाद! बाळाची लव आपोआप जाते. आणि ब्लेडने केस वरच्या वर कापला जातो, टोक बोथट होतं म्हणून बोटाला टोचतं. मुळाला त्याचा पत्ताही नसतो.

हे कळलं गायनॅक डॉक्टरांकडे. त्यांनी केसांआधी पाळीचं विचारलं. "दीड-दोन महिन्यांनी येते," मी सहज म्हटलं. रिलीजचं टेन्शन, असं मी धरून चालले होते. तपासण्या झाल्या, निघालं पीसीओएस.

अँड्रोजन्सना 'पुरुषी' म्हणतात, पण ती प्रत्येक बाईच्या अंडाशयात आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथीत बनतातच. ती वाढली, किंवा केसांची मुळंच त्यांना जास्त दाद देत असली, की मऊ लवेचे जाड काळे केस होतात. पीसीओएसमध्ये बऱ्याचदा इन्सुलिनचा हात असतो. शरीर त्याला जुमानत नाही, म्हणून ते जास्त बनतं, मग ते अंडाशयाकडून जास्त टेस्टोस्टेरॉन करवून घेतं आणि वर लिव्हरमधलं त्याला बांधून ठेवणारं प्रथिनही कमी करतं. एक बग, दोन एरर. आणि आम्ही दर पंधरा दिवसांनी स्क्रीन पुसतोय...

कारणं इतरही आहेत. काही औषधं, अ‍ॅड्रिनलचे आजार. काहींचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, नुसती घराण्याची देणगी. मात्र दोन-चार महिन्यांत झपाट्याने केस आले, आवाज घोगरा झाला, तर पार्लर नाही, लगेच डॉक्टर. क्वचित गाठ असू शकते.

परळच्या एनआयआरआरएच या सरकारी संस्थेचा मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींवरचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका निकषाने २२.५ टक्के मुलींना पीसीओएस, कडक निकषाने १०.७ टक्के. तेव्हापासून लेडीज डब्यात मी उगाच हनुवट्या मोजते. (वाईट सवय आहे, मान्य.)

माझी उपाशीपोटीची शुगर १०८ आली. बाबांना डायबेटिस आहे, त्यामुळे केसांपेक्षा हा आकडा जास्त टोचला. केसांवर गोळ्यांचा फरक दिसायला सहा महिने तरी लागतात म्हणे, म्हणजे पार्लरच्या ताई आहेतच.

आईला सांगितलं, पिठाचा दोष नव्हता गं. अठ्ठावीस वर्षं उगाच मनाला लावून घेतलंस. ती भाजी निवडत राहिली. मग हळूच, "पाळी गेल्यावर पण येतात का गं?"

येतात. इस्ट्रोजेन कमी होतं ना.

बाथरूमच्या खिडकीत साबणामागे एक छोटा चिमटा असतो. इतकी वर्षं मला वाटायचं, बाबांचा आहे.